४० किलोओहमचा फॉल्ट टीडीआरवर उमटत नाही: पल्सची रुंदी बदलू की सिग्नलच बदलू?

वायरमन_ते_टेस्टर

नमस्कार मंडळी,

केबल ११ केव्ही, एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचं इन्सुलेशन), तीन कोअर, अॅल्युमिनियम. कागदोपत्री लांबी १८५० मीटर, मध्ये चार जॉइंट. सप्लाय बंद, दोन्ही टोकं मोकळी केली आहेत. फेज १ ते स्क्रीन (कोअरभोवतीचं धातूचं आवरण) मल्टीमीटरवर साधारण ४० किलोओहम, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) ५ केव्हीला लावला की व्होल्टेज चढतच नाही. बाकीच्या दोन फेज गिगाओहममध्ये. तिन्ही कोअरची आणि स्क्रीनची सलगता तपासली, ती ठीक आहे, म्हणजे तुटलेलं काही नाही.

टीडीआर (केबलमध्ये पल्स पाठवून परावर्तनाच्या वेळेवरून अंतर काढणारं मीटर) साधा, लो-व्होल्टेज पल्सचा आहे. पल्सची रुंदी ४० नॅनोसेकंदांपासून १० मायक्रोसेकंदांपर्यंत घेता येते. सगळ्या रुंदी फिरवून पाहिल्या. टोकाचं वर जाणारं परावर्तन तिन्ही फेजवर एकाच जागी येतं, जॉइंटच्या बारीक लाटा दिसतात, पण फेज १ वर वेगळा डिप (ट्रेसमधला खाली जाणारा खळगा) कुठेच नाही. गेन वाढवला तर जॉइंटच मोठे होतात.

तीन प्रश्न आहेत:
१. अशा फॉल्टला किती रुंदीचा पल्स लावावा?
२. मीटरमध्ये वेग किती भरावा? इन्सुलेशनच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून काढला तर एक आकडा येतो, मीटरच्या तक्त्यात दुसराच आहे.
३. कोड वापरणारे स्प्रेड-स्पेक्ट्रम मीटर मिळतात. त्यांची संवेदनशीलता खूप जास्त असते असं वाचलं. त्यावर हा फॉल्ट दिसेल का?

केबलमित्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी: कोणतीही रुंदी लावा, हा फॉल्ट लो-व्होल्टेज पल्सवर दिसणार नाही. दोष मीटरचा नाही आणि तुमच्या सेटिंगचाही नाही.

पल्स परत येतो तो वाटेत इम्पीडन्स (धावत्या पल्सला केबलचा होणारा रोध) बदलला म्हणून. कोअर आणि स्क्रीन यांच्यामध्ये फॉल्टचा रोध समांतर बसलेला असतो. तिथून परतणारा भाग म्हणजे केबलचा इम्पीडन्स भागिले (फॉल्टच्या रोधाची दुप्पट अधिक केबलचा इम्पीडन्स), आणि चिन्ह उणे. तुमच्या केबलचा इम्पीडन्स ३५ ओहम धरू. मग:

फॉल्ट ० ओहम: पूर्ण पल्स उलटा परत
फॉल्ट ३५ ओहम: ३३ टक्के
फॉल्ट ३३० ओहम: ५ टक्के
फॉल्ट ४० किलोओहम: ०.०४४ टक्के, म्हणजे उणे ६७ डेसिबल

चांगला भरलेला जॉइंटसुद्धा काही टक्के परत पाठवतो. नुसते दोन टक्के धरले तरी तुमचा फॉल्ट त्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याहून लहान आहे. गेन वाढवून उपयोग नाही तो याचसाठी: फॉल्ट आणि जॉइंट दोन्ही एकाच पटीत वाढतात. निरोगी फेजचा ट्रेस वजा करून पाहण्याची युक्ती काहीशे ओहमच्या फॉल्टला चांगली चालते. इथे नाही चालणार, कारण एकाच केबलच्या दोन फेजमध्येही जॉइंटचे आकार त्याहून जास्त वेगळे असतात.

रुंदीचं काम वेगळं आहे. रुंद पल्समध्ये ऊर्जा जास्त आणि ती खालच्या फ्रिक्वेन्सीत असते, म्हणून तो लांब जातो. अरुंद पल्सची ऊर्जा वरपर्यंत पसरते. १०० नॅनोसेकंदांच्या चौकोनी पल्सचा पहिला शून्यबिंदू १० मेगाहर्ट्झवर, १ मायक्रोसेकंदाच्या पल्सचा १ मेगाहर्ट्झवर. एमव्ही (मध्यम व्होल्टेजच्या) केबलच्या सेमिकंडक्टिंग थरांत काही मेगाहर्ट्झच्या वर नुकसान झपाट्याने वाढतं, त्यामुळे अरुंद पल्स लांबवर पोचतो तो गोल आणि पसरट होऊनच. उलट बाजूने, पल्स जितका रुंद तितका जवळचा भाग आंधळा: या केबलवर १०० नॅनोसेकंदांना सुमारे ८ मीटर, १ मायक्रोसेकंदाला ८३ मीटर. म्हणून नेहमी अरुंद पल्सपासून सुरुवात करा आणि टोक स्पष्ट दिसेपर्यंतच रुंदी वाढवा. त्याच्या पुढे वाढवली की फक्त तपशील जातो.

आता करायचं काय? सिग्नल सुधारण्यापेक्षा, मोजण्यापुरता फॉल्ट बदलायचा. सर्ज जनरेटरने (कपॅसिटरमध्ये साठवलेलं हाय व्होल्टेज केबलमध्ये एकदम सोडणारं यंत्र) फॉल्टवर आर्क पेटवला की तो जळत असेपर्यंत तिथला रोध काही ओहमांवर उतरतो. नेमक्या त्या वेळी टीडीआरचा तोच साधा पल्स पाठवायचा. आर्क रिफ्लेक्शन म्हणतात ते हेच. क्रम असा:

आधी डीसी हळूहळू चढवून ब्रेकडाउन कोणत्या व्होल्टेजला होतो ते पाहा. काटा एकदम कोसळतो तो आकडा लिहून ठेवा. मग सर्ज न देता निरोगी स्थितीचा ट्रेस घेऊन साठवा. त्यानंतर ब्रेकडाउनच्या थोडंसंच वर सर्ज द्या आणि आर्क चालू असतानाचा ट्रेस पकडा. टीडीआर आणि सर्ज यांच्यामध्ये फिल्टर असतो. तो मीटरला हाय व्होल्टेजपासून वाचवतो आणि विद्युतप्रवाह लांबवून आर्क काही मिलिसेकंद टिकवतो. दोन ट्रेस एकावर एक ठेवले की फॉल्टपर्यंत ते जुळतात, तिथून दुसरा खाली जातो.

सर्ज जनरेटरची रेंज निवडताना बरेच जण चुकतात. समजा तुमच्या युनिटला ८ केव्हीच्या रेंजला ३२ मायक्रोफॅरड आणि १६ केव्हीला ८ मायक्रोफॅरड आहेत. पूर्ण व्होल्टेजला दोन्हींत ऊर्जा तेवढीच, १०२४ ज्यूल. पण ब्रेकडाउन ६ केव्हीला होत असेल तर पहिल्या रेंजमध्ये ५७६ ज्यूल मिळतील, दुसरीत फक्त १४४. आर्क टिकत नाही म्हणून लोक व्होल्टेज वाढवत बसतात, तेव्हा खरं तर खालची रेंज घ्यायला हवी असते. शिवाय जुन्या एक्सएलपीईवर जास्त डीसी ठेवला तर इन्सुलेशनमध्ये स्पेस चार्ज (अडकून राहिलेला विद्युतभार) साठतो आणि निरोगी भाग नंतर, चालू झाल्यावर, फुटू शकतो. जितकं लागेल तितकंच व्होल्टेज, तितकेच सर्ज.

बाकीच्या दोन फेज आणि स्क्रीन पूर्ण वेळ अर्थला बांधलेल्या हव्यात. प्रत्येक शॉटच्या मालिकेनंतर डिस्चार्ज रॉड, मग पक्कं अर्थिंग, आणि मगच क्लिपला हात.

अनघा_टेस्टबेंच

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, कारण खड्डा चुकीच्या जागी खणला जातो तो बहुतेक वेळा इथेच.

तुम्ही एक्सएलपीईचा स्थिरांक २.३ घेतला असणार. त्यावरून वेग येतो प्रकाशाच्या ६६ टक्के, म्हणजे जाऊन-येऊन हिशोबाचा निम्मा वेग ९९ मीटर प्रति मायक्रोसेकंद. साध्या पॉलिथिनच्या कोअॅक्सला हा आकडा बरोबर आहे. एमव्ही केबलमध्ये कोअरवर आणि इन्सुलेशनवर सेमिकंडक्टिंग थर असतात. ते कपॅसिटन्स वाढवतात पण इंडक्टन्स त्या प्रमाणात कमी करत नाहीत, म्हणून लाट मंदावते. अशा केबलवर निम्मा वेग साधारण ७८ ते ८७ च्या दरम्यान सापडतो. तक्त्यातला आकडा खराच्या जवळचा आहे, पण तोही डोळे झाकून घेऊ नका.

निरोगी फेजवर स्वतः काढा. समजा टोकाचं परावर्तन २२.४ मायक्रोसेकंदांना येतं. १८५० भागिले २२.४, म्हणजे ८२.६. आता फरक बघा: फॉल्टचा डिप ९.१ मायक्रोसेकंदांना आला तर ८२.६ ने तो ७५२ मीटरवर आहे. ९९ भरले असते तर मीटरने ९०१ दाखवलं असतं. दीडशे मीटर चुकले.

हे सगळं कागदावरची लांबी खरी असेल तरच. ती खरी आहे की नाही याची खात्री नसेल तर दोन्ही टोकांकडून मोजा. एका बाजूने ९.१ आणि दुसऱ्या बाजूने १३.३ आले, तर फॉल्ट लांबीच्या ९.१ भागिले २२.४ एवढ्या अंतरावर. वेग भरावाच लागत नाही. आणि दोन वेळांची बेरीज निरोगी फेजच्या वेळेएवढी आली नाही, तर दोन्हीपैकी एका बाजूने तुम्ही भलत्याच परावर्तनावर कर्सर ठेवला आहे हेही लगेच कळतं.

टोक नक्की तेच आहे ना, याची खात्री सोपी आहे. दूरच्या टोकाला कोणाला तरी फेज आणि स्क्रीन शॉर्ट करायला सांगा. ज्या जागी वर जाणारं परावर्तन उलटून खाली येईल ते टोक. उलटलं नाही ते दुसरं काहीतरी, बहुतेक दुप्पट अंतरावरचं भूत: पल्स एखाद्या जॉइंटपासून परत आला, मीटरच्या टोकाला आपटला आणि पुन्हा गेला.

लीडकडेही बघा. शून्य मीटरच्या सॉकेटपाशी नाही, केबलच्या सुरुवातीला असायला हवं. केबल न जोडता लीडची टोकं आधी उघडी ठेवून आणि मग एकमेकांना लावून ट्रेस घ्या. दोन ट्रेस जिथे फुटतात तिथे शून्याचा कर्सर. क्लिपच्या शेवटच्या सुट्या तारा लांब आणि एकमेकींपासून लांब धरल्या तर त्यांचा इंडक्टन्स एक-दोन मायक्रोहेन्री सहज होतो. मीटरचे ५० आणि केबलचे ३५ ओहम धरले तर २ मायक्रोहेन्रीला वेळेचा स्थिरांक सुमारे २४ नॅनोसेकंद. तुमचा ४० नॅनोसेकंदांचा पल्स तिथेच पसरतो. तारा आखूड ठेवा, आणि स्क्रीनची क्लिप टर्मिनेशनच्या अर्थ टेलवर लावा, पॅनेलच्या अर्थ बारवर नको.

वायरमन_ते_टेस्टर

केबलमित्र सर, अनघाताई, आभार. निरोगी फेजवर टोक खरोखरच २२.४ ला आलं, शॉर्ट करून उलटवून पाहिलं. ब्रेकडाउन ५.५ केव्हीला होतो. आर्क रिफ्लेक्शनला ८ केव्हीची रेंज घेतली. पण डिप काही शॉटना येतो, काहींना ट्रेस निरोगीसारखाच राहतो. आला की प्रत्येक वेळी त्याच जागी, ९.१ च्या आसपास. दुसरा जॉइंट नोंदीप्रमाणे ७५० मीटरजवळ आहे. ब्रेकडाउनचं व्होल्टेजही शॉटगणिक थोडं सरकतं.

कोडवाल्या मीटरचं राहिलंच. हे काम झालं तरी पुढच्या खरेदीसाठी समजून घ्यायचं आहे.

संकेत_आणि_गोंगाट

कोडचं मी घेतो.

एका पल्सऐवजी हजारभर बारीक चिप्सचा (कोडच्या एकेका छोट्या तुकड्याचा) छद्म-यादृच्छिक क्रम पाठवायचा आणि परत आलेला सिग्नल मूळ क्रमाशी ताडून पाहायचा. क्रम जिथे जुळतो तिथे शिखर येतं. १०२३ चिप्सच्या क्रमाने गोंगाटाच्या तुलनेत सुमारे ३० डेसिबलचा फायदा मिळतो. सिग्नल गोंगाटाखाली बुडालेला असला तरी शिखर वर येतं, हे खरं आहे आणि खूप उपयोगाचं आहे.

पण तुमची अडचण गोंगाट नाहीच. केबल बंद आहे, ट्रेस स्वच्छ आहे. तुमचा फॉल्ट जॉइंटच्या परावर्तनांखाली दबलाय, आणि ती परावर्तनंही त्याच कोडची असल्यामुळे तीही तितकीच जुळून वर येतात. ४० किलोओहम कोडने पाहिले तरी ०.०४४ टक्केच. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: या फॉल्टसाठी नाही.

मग कोड कुठे? जिथे तार चालू ठेवूनच मोजायचं आहे तिथे. साध्या पल्सची बरीच ऊर्जा शून्याजवळच्या फ्रिक्वेन्सीत असते, आणि चालू तारेवर नेमकी तीच फिल्टरने कापावी लागते. कोड साइन वाहकावर चढवला की सगळा स्पेक्ट्रम मेन्सच्या वर सरकतो. पॉल स्मिथ, सिंथिया फर्स आणि जेकब गुंथर यांनी २००५ मध्ये या पद्धतीचं विश्लेषण मांडलं, ते विमानांच्या वायरिंगसमोरचा प्रश्न घेऊन: ४०० हर्ट्झचा सप्लाय चालू असताना, हादऱ्यांनी क्षणभर होणारा आणि जमिनीवर तपासताना गायब होणारा फॉल्ट पकडायचा. तिथे आर्क एक-दोन मिलिसेकंद टिकतो आणि तेवढ्यात कोडचे डझनावारी फेरे होतात. त्याच तारेचा क्षणापूर्वीचा ट्रेस वजा करता येतो, त्यामुळे जॉइंट आणि कनेक्टर आपोआप निघून जातात. खरी ताकद या वजाबाकीत आहे, नुसत्या कोडमध्ये नाही.

खरेदी करताना दोन आकडे विचारा. पहिला चिप रेट. ५० मेगाहर्ट्झला एक चिप २० नॅनोसेकंदांची, म्हणजे तुमच्या केबलवर १.६५ मीटर. कागदावर सुंदर, पण ५० मेगाहर्ट्झ १८५० मीटर जाऊन परत येत नाही. दुसरा क्रमाचा कालावधी. १०२३ चिप्स ५० मेगाहर्ट्झने २०.४६ मायक्रोसेकंदांत संपतात, आणि तुमचं टोक २२.४ ला येतं. क्रम पुन्हा सुरू झालेला असतो, म्हणून टोकाचं शिखर १.९४ मायक्रोसेकंदांना, म्हणजे १६० मीटरवर दिसेल. तिथे काहीही नसताना! चिप रेट १० मेगाहर्ट्झवर आणला तर कालावधी १०२.३ मायक्रोसेकंद होतो आणि हा घोळ राहत नाही, बदल्यात बारकावा ८ मीटरवर जातो.

फ्रिक्वेन्सी स्वीप करून नंतर वेळेत उलटवणारी पद्धतही याच कुळातली. तिथे बारकावा स्वीपच्या एकूण रुंदीवर ठरतो आणि पल्ला पायरीच्या आकारावर. तुमच्या वेगाला १०० मेगाहर्ट्झच्या स्वीपने ०.८ मीटर, आणि २० किलोहर्ट्झच्या पायरीने सुमारे ४ किलोमीटर. विंडो (स्वीपच्या दोन्ही कडा हळूहळू उतरवणारं भारांकन) न लावता आकडेमोड केली तर प्रत्येक मोठ्या शिखराशेजारी उणे १३ डेसिबलची उपशिखरं उभी राहतात आणि लोक त्यांनाच फॉल्ट समजतात. हॅन विंडोने ती उणे ३१ वर जातात, पण शिखर जाड होतं. उष्णतेने किंवा पाण्याने हळूहळू खराब होणाऱ्या केबलवर लक्ष ठेवायला ही पद्धत मला कोडपेक्षा बरी वाटते.

केबलमित्र

डिप येतो-जातो आणि ब्रेकडाउन सरकतो, हे पाणी शिरलेल्या जॉइंटचं लक्षण आहे. पाण्यात आर्क पेटतो पण टिकत नाही. कधी तर स्पार्क पडायला काही मिलिसेकंद उशीर होतो आणि टीडीआरचा पल्स त्याआधीच जाऊन येतो. मीटरला ट्रिगरनंतरचा विलंब बदलता येत असेल तर तो टप्प्याटप्प्याने वाढवून बघा. एका सर्जमागे अनेक ट्रेस घेणारं मीटर असेल तर सगळे उघडून पाहा, शेवटच्या एक-दोन ट्रेसमध्ये डिप असण्याची शक्यता जास्त. काही वेळ सलग सर्ज दिल्याने पाणी उडून आर्क स्थिरावतो. मध्ये लांब खंड पडला तर ओल परत येते, म्हणून एकदा सुरू केलं की मोजूनच थांबायचं.

तरीही जमलं नाही तर टीडीआरचा पल्स सोडून द्या आणि फॉल्टचा स्वतःचाच सिग्नल वापरा. ब्रेकडाउन होताच फॉल्टपासून निघालेली लाट मीटर आणि फॉल्ट यांच्यामध्ये मागेपुढे आपटत राहते. सर्ज देऊन अर्थच्या तारेवरच्या कपलरने विद्युतप्रवाह टिपला तर शिखरांमधलं अंतर म्हणजे एक जाणं-येणं: तुमच्याकडे ९.१ मायक्रोसेकंद. पहिलं अंतर धरू नका, त्यात स्पार्क पडायला लागलेला उशीर मिसळलेला असतो. दुसऱ्यापासून मोजा. डीसी चढवून आपोआप फुटू दिलं आणि व्होल्टेजची लाट पाहिली, तर एक पूर्ण आवर्तन चार वेळा जाण्याचं, म्हणजे १८.२. मीटर कोणत्या हिशोबावर आहे ते आधी पाहा, नाहीतर उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं येतं.

अनघा_टेस्टबेंच

एक पुस्ती. ७५२ आणि ७५० जवळ दिसतात म्हणून सरळ जॉइंटवर खणू नका. नोंदीतलं अंतर जमिनीवरचं असतं, टीडीआरचं केबलच्या लांबीचं. जॉइंटपाशी सोडलेले वेढे आणि टोकाला पॅनेलपर्यंत चढणारा भाग यात कितीतरी मीटर जातात.

त्याऐवजी टीडीआरलाच विचारा. निरोगी फेजवर १०० ते २०० नॅनोसेकंदांच्या पल्सने दुसऱ्या जॉइंटची लाट शोधा आणि तिची वेळ वाचा. मग आर्कच्या ट्रेसवर, दोन ट्रेस फुटायला सुरुवात होते त्या बिंदूची वेळ वाचा. डिपच्या तळाची नाही. रुंद पल्सचा तळ फॉल्टच्या बराच पुढे पडतो. पल्सची रुंदी दोन्हीकडे एकच ठेवा. दोन्ही वेळा ०.१ मायक्रोसेकंदाच्या आत जुळल्या तर फॉल्ट जॉइंटमध्ये किंवा त्याच्या ८ मीटरच्या आत आहे. वेगाची चूक इथे दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे कटून जाते.

नेमकी जागा मात्र वरूनच काढायची: सर्ज चालू ठेवून चुंबकीय आणि ध्वनी संकेत दोन्ही घेणारा रिसीव्हर जमिनीवर सरकवत न्या. दोन्हींमधला वेळ जिथे सर्वांत कमी तिथे फॉल्ट. आवाजाच्या जोरावर जाऊ नका, पाइपमध्ये किंवा काँक्रीटखाली तो भलतीकडेच मोठा येतो.

वायरमन_ते_टेस्टर

ट्रिगरचा विलंब वाढवल्यावर सलग शॉटना डिप मिळतोय. फुटण्याचा बिंदू ९.०८, निरोगी फेजवर जॉइंटची लाट ९.०५. दोन्ही ठिकाणी पल्स २०० नॅनोसेकंदांचा. आता रिसीव्हर घेऊन जॉइंटच्या दोन्ही बाजूंनी २० मीटर चालतो.

अनघा_टेस्टबेंच

फरक ०.०३, म्हणजे अडीच मीटर. २०० नॅनोसेकंदांच्या पल्सला एवढा फरक वाचता येतो, पण त्यावर विसंबून जॉइंटच्या आत की बाहेर हे ठरवता येणार नाही. चालायला जॉइंटपासूनच सुरुवात करा आणि दूरच्या टोकाला कोणी उभं असेल तर आधी त्याला तिथून हलवा, सर्जचं व्होल्टेज त्या उघड्या टोकावरही पोचतंय.